गतिग्रहण : अल्पव्ययी पद्धती

माणूस, प्राणी किंवा वस्तू यांच्या हालचालींची स्थान व काल यांच्या मापांच्या रूपाने नोंद करणे आणि त्या नोंदीवरून संगणकातील काल्पनिक पात्रास तशीच हालचाल देणे, या तंत्रास गतिग्रहण असे म्हणता येईल. व्यवसायात ते ‘मोशन कॅप्चर’ किंवा थोडक्यात ‘मोकॅप’ या नावाने रूढ आहे. चलच्चित्रणात दृश्याची प्रतिमा टिपली जाते. गतिग्रहणात प्रतिमा गौण असून गती हाच नोंदीचा विषय असतो. नटाचा चेहरा, वर्ण, वेश, भोवतालचा प्रकाश यांपैकी काहीही अंतिम नोंदीत राहत नाही. राहते ती फक्त प्रत्येक क्षणाची सांध्यांची स्थिती व त्यांचे कोन. त्यामुळे एकाच नटाची चाल राजाला, राक्षसाला किंवा दगडी पुतळ्याला देता येते.

या तंत्राचे महत्त्व श्रम व खर्च यांच्या हिशेबातून स्पष्ट होते. हाताने केलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चित्रचौकटी धरल्यास एका मिनिटास १,४४० चौकटी लागतात. संगणकीय खेळात तर चालणे, धावणे, वळणे, थांबणे, उडी मारणे, पडणे व उठणे अशा शेकडो लहान हालचाली एकाच पात्रासाठी तयार ठेवाव्या लागतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत गतिग्रहणाची सामग्री मोठ्या चित्रपटसंस्थांच्या व खेळनिर्मात्यांच्याच आवाक्यात होती. २०१० नंतर स्वस्त संवेदक, भ्रमणध्वनीतील कॅमेरे व प्रतिमांचा अर्थ लावणाऱ्या आज्ञावल्या यांमुळे तीन ते दहा माणसांच्या लहान संस्थांनाही ते वापरता येऊ लागले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या अल्पव्ययी पद्धतींचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : गतीची नोंद घेण्याचे प्रयत्न चलच्चित्रपटाहूनही जुने आहेत. एडवर्ड मायब्रिज (१८३०–१९०४) यांनी १८७८ मध्ये अमेरिकेत ओळीने मांडलेल्या अनेक कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि दौडीत घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे दाखवून दिले. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांनी माणसास काळा पोशाख घालून त्याच्या अवयवांवर पांढऱ्या पट्ट्या व ठिपके लावले आणि त्याच्या चालण्याची छायाचित्रे एकाच काचेवर घेतली. शरीर अदृश्य करून केवळ सांधे दृश्य ठेवण्याची ही कल्पनाच आजच्या प्रकाशीय गतिग्रहणाचा पाया होय. १९७३ मध्ये स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी अंधारात सांध्यांवरील सु. डझनभर प्रकाशबिंदूच दाखविले, तरी पाहणाऱ्यास चालणारा माणूस तत्काळ ओळखू येतो, असे प्रयोगाने सिद्ध केले.

ॲनिमेशनमध्ये जिवंत हालचालीचा आधार घेण्याची रीत अमेरिकेतील मॅक्स फ्लायशर यांनी सुरू केली. चित्रफितीतील प्रत्येक चौकट काचेवर प्रक्षेपित करून तिच्यावरून रेखाटन करण्याच्या त्यांच्या ‘रोटोस्कोप’ या उपकरणास १९१७ मध्ये एकस्व मिळाले. १९६० नंतरच्या दशकात ली हॅरिसन यांनी अंगावर विद्युत् रोधमापके बांधलेल्या व्यक्तीच्या हालचालींनी पडद्यावरील आकृती चालविली. संगणकीय खेळांत अल्पखर्ची गतिनोंदीचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९) हा खेळ. त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्याच्या चौकटींवरून पात्राच्या हालचाली रेखाटल्या. साधने घरगुती होती. परंतु पात्राच्या हालचालीस वजन व तोल लाभला.

महाराष्ट्रातही या विषयाला जुळणारी परंपरा आहे. विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८४३ मध्ये सांगलीस सीतास्वयंवर हे नाटक सादर केले, ही मराठी रंगभूमीची सुरुवात मानली जाते. भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. त्यांचे पुनरुज्जीवन पुढे रामदास पाध्ये यांनी केले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी या कला जतन केल्या आहेत. कळसूत्री बाहुलीत सूत्रधाराच्या बोटांची गती दोऱ्यांवाटे बाहुलीच्या अवयवांत उतरते. गतिग्रहणात दोऱ्यांची जागा आकडे घेतात. मात्र जिवंत माणसाची गती निर्जीव आकृतीस देणे हे मूळ तत्त्व दोहोंत एकच आहे. दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेऊन चित्रित केली होती. काळाचे तुकडे करून गती मोजण्याचा तो भारतातील एक आरंभीचा प्रयोग होय.

पद्धती : नोंद कशाच्या साहाय्याने घेतली जाते, यावरून गतिग्रहणाचे चार मुख्य प्रकार पडतात.

(१) प्रकाशीय पद्धत : नटाच्या घट्ट पोशाखावर सांध्यांजवळ प्रकाश परावर्तित करणारे लहान गोल खूणबिंदू लावतात. सभोवार बसविलेले कॅमेरे अवरक्त प्रकाश सोडून त्यांची स्थाने टिपतात. एखादा बिंदू किमान दोन कॅमेऱ्यांना एकाच क्षणी दिसला, तर त्रिकोणमितीने त्याचे त्रिमितीय स्थान काढता येते. ही पद्धत सर्वांत अचूक असून तिच्यातील त्रुटी मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. परंतु अनेक खास कॅमेरे, मोठे बंदिस्त दालन व कुशल कर्मचारी लागत असल्याने ती महाग पडते. लहान संस्थेला असे दालन विकत घेणे परवडत नाही. मात्र आधी पक्की तयारी करून ते एखाद्या दिवसासाठी भाड्याने घेणे शक्य असते.

(२) जडत्वीय पद्धत : हीत कॅमेरा लागत नाही. अंगावर बांधलेल्या प्रत्येक संवेदकात प्रवेगमापक, घूर्णी व बहुधा चुंबकत्वमापक असतो. त्यांवरून प्रत्येक अवयवाची दिशा समजते व हाडांच्या लांबीच्या आधारे सर्व शरीराची स्थिती मांडली जाते. नेदर्लंड्समधील एक्ससेन्स, चीनमधील नॉइटॉम व डेन्मार्कमधील रोकोको या संस्थांचे पोशाख प्रसिद्ध आहेत. जपानच्या सोनी कंपनीने २०२३ मध्ये केवळ सहा संवेदकांचा ‘मोकोपी’ हा संच विक्रीस आणला. त्यातील प्रत्येक संवेदक सु. ८ ग्रॅम वजनाचा आहे. या पद्धतीचा मुख्य दोष म्हणजे स्थानाचे सरकणे. प्रवेगावरून अंतर काढताना लहानशी चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. प्रवेगाच्या मापात सेकंदास सेकंदास ०.०१ मीटर एवढीच कायम चूक असली, तरी दहा सेकंदांत स्थान अर्धा मीटर ढळते. यासाठी पाऊल जमिनीला टेकलेले असताना ते स्थिर आहे, असे गृहीत धरून आज्ञावली वरचेवर दुरुस्ती करीत असते.

(३) खोलीमापक कॅमेरा : मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये विक्रीस आणलेला ‘किनेक्ट’ हा खेळण्यासाठीचा कॅमेरा दृश्यातील प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर मोजीत असे. त्यावरून शरीराचे वीस सांधे शोधता येत असल्याने जगभरच्या हौशी व लहान निर्मात्यांनी त्याचा गतिग्रहणासाठी उपयोग केला. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. पण अंगावर काहीही न बांधता गतिग्रहण करता येते, ही जाणीव त्यानेच सर्वत्र पसरविली.

(४) खूणरहित पद्धत : साध्या व्हिडिओतील माणसाचे सांधे ओळखण्याचे शिक्षण संगणकाच्या कृत्रिम मज्जाजालास दिले जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेली ‘ओपनपोझ’ (२०१७) व गूगलची ३३ शरीरबिंदू शोधणारी ‘ब्लेझपोझ’ (२०२०) ही या प्रकारची सुपरिचित साधने होत. एका कॅमेऱ्यावरून पुढे-मागे झालेले अंतर नीट कळत नाही. दोन वा अधिक कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून लावल्यास ही उणीव बरीच भरून निघते. ही पद्धत सर्वांत स्वस्त आहे, कारण कॅमेरा बहुधा निर्मात्याच्या खिशातच असतो.

चेहऱ्याच्या नोंदीसाठी २०१७ च्या आयफोन एक्सपासून आलेला खोलीमापक पुढील कॅमेरा लहान संस्थांना विशेष उपयोगी ठरला. त्यावरून भुवया, पापण्या, ओठ इत्यादींच्या ५२ हालचालींची मापे मिळतात. हातांच्या बोटांची नोंद मात्र अद्यापही कठीण असून तिच्यासाठी निराळे हातमोजे किंवा हाताने केलेली दुरुस्ती लागते.

नोंदीवरील संस्कार : मिळालेली कच्ची नोंद तशीच वापरता येत नाही. प्रथम तिच्यातील थरथर व खंड दूर करतात. नंतर नटाच्या सांगाड्याची गती पात्राच्या सांगाड्यावर बसवितात. नट व पात्र यांच्या हाडांची लांबी भिन्न असल्यास पाय जमिनीवर घसरतात किंवा जोडलेले हात एकमेकांत शिरतात, म्हणून येथे दुरुस्ती अटळ असते. शेवटी चालण्यासारख्या पुनरावर्ती हालचालीची सुरुवात व शेवट जुळवून ती अखंड फिरती करतात आणि एका हालचालीतून दुसरीत जाण्याचे सांधे तयार करतात. या कामासाठी ‘ब्लेंडर’ ही २००२ पासून मुक्त असलेली आज्ञावली विनामूल्य मिळते.

नोंद साठविण्यास जागा फार लागत नाही. २४ सांध्यांचे प्रत्येकी तीन कोन व शरीराच्या स्थानाचे तीन अंक मिळून एका चौकटीस ७५ अंक होतात. प्रत्येक अंकास चार बाइट व सेकंदास ३० चौकटी धरल्यास एका मिनिटास सु. ५,४०,००० बाइट, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट पुरतो. यामुळे मोठमोठे गतिसंग्रह वाटणे सोपे झाले आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा अडीच हजारांहून अधिक नोंदींचा संग्रह सर्वांस खुला असून ‘मिक्सामो’ या सेवेतही तयार हालचाली विनामूल्य मिळतात.

स्थानिक नोंदींची गरज : तयार संग्रह मिळत असता लहान संस्थेने स्वतः नोंदी का घ्याव्यात, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. या संग्रहांत चालणे, धावणे, मारामारी, पाश्चात्त्य नृत्य व क्रीडा यांचा भरणा असतो. मांडी घालून बसणे, उकिडवे बसून काम करणे, डोक्यावर घागर घेऊन चालणे, वाकून पाया पडणे, धोतराचा किंवा नऊवारीचा काच सावरून पायरी चढणे या हालचाली त्यांत क्वचितच सापडतात. मराठी मुलुखातील पात्र उसन्या चालीने वावरू लागले, की वेशभूषा कितीही अचूक असली तरी ते परके वाटते. म्हणून नित्याच्या हालचाली संग्रहातून घेणे व विशेष हालचालींची नोंद स्वतः करणे, हाच काटकसरीचा मार्ग ठरतो.

सांगली-सातारा भागातील क्रीडा व लोकनृत्ये या दृष्टीने उद्‌बोधक आहेत, कारण प्रत्येकात गतिग्रहणाची एकेक अडचण स्पष्ट दिसते. कुस्तीत दोन शरीरे एकमेकांस बिलगतात. त्यामुळे प्रकाशीय पद्धतीतील खूणबिंदू झाकले जातात, तर खूणरहित पद्धतीत कोणता हात कोणाचा, हे संगणकास उमगत नाही. जडत्वीय संवेदक झाकले जाण्याने अडत नाहीत. परंतु पकडीत ते जागचे हलतात आणि पाठीवर पडताना इजाही होऊ शकते. म्हणून डाव संथ गतीने व तुकड्यातुकड्यांनी नोंदवून, अंतिम पकड ॲनिमेशनकाराने हाताने जुळविणे श्रेयस्कर असते. लेझमीतील लोखंडी साखळी व चकत्या मनगटावरील संवेदकाच्या चुंबकत्वमापकास विचलित करतात. शिवाय हात वेगाने फिरतात : हाताचा वेग सेकंदास ३ मीटर असेल, तर ३० चौकटींच्या नोंदीत लगतच्या दोन चौकटींत तो १० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, १२० चौकटींच्या नोंदीत हेच अंतर अडीच सेंटिमीटर होते. धनगरी गजनृत्यातील पायघोळ झगा गुडघे व घोटे झाकतो, तेव्हा नोंदीच्या वेळी नर्तकास आखूड व घट्ट कपडे घालावे लागतात आणि झग्याचा घोळ संगणकात निराळा घडवावा लागतो. मात्र वेश बदलला की नर्तकाची पावलेही थोडी बदलतात, हे ध्यानात ठेवून मूळ वेशातील साधे चित्रणही सोबत घेणे इष्ट असते.

जागेची निवडही पद्धतीवर अवलंबून असते. औद्योगिक वसाहतीतील पत्र्याची शेड प्रशस्त व स्वस्त असली, तरी तिचे लोखंडी खांब व कैच्या चुंबकीय संवेदकांस बाधक ठरतात. खुल्या अंगणातील सूर्यप्रकाशात अवरक्त किरणांवर चालणारी साधने नीट काम करीत नाहीत. याउलट साध्या व्हिडिओवरील खूणरहित पद्धतीस तोच भरपूर प्रकाश हितकारक असतो, कारण चौकटीचा उद्‌भासनकाल कमी राहून हलते अवयव पुसट होत नाहीत. उन्हाच्या कडक सावल्या टाळण्यासाठी सकाळची वेळ किंवा अभ्राच्छादित दिवस बरा.

खर्चाचे नियोजन : अल्पव्ययी पद्धतीत सामग्रीची किंमत घटते, पण दुरुस्तीचा वेळ वाढतो, दोहोंची बेरीज हाच खरा खर्च होय. त्यामुळे नोंदीपूर्वीची तयारी महत्त्वाची ठरते. कोणत्या हालचाली हव्यात, प्रत्येकीची सुरुवात व शेवट कोणत्या पवित्र्यात व्हावा, याची यादी आधी करतात. खेळातील पायरी, भिंत, शस्त्र यांच्या मापाची लाकडी प्रतिरूपे ठेवतात. प्रत्येक नोंदीच्या आरंभी व अखेरीस नट हात पसरून स्थिर उभा राहतो, म्हणजे स्थान किती ढळले ते समजते. आरंभी एक टाळी वाजविल्यास अनेक कॅमेऱ्यांच्या नोंदी एका क्षणावर जुळविता येतात. तालमीचा खर्च दुरुस्तीच्या खर्चाहून नेहमीच कमी येतो.

प्रत्येक खेळास गतिग्रहण हवेच असेही नाही. चपळ व अतिशयोक्त हालचालींच्या खेळांत हाताने केलेले ॲनिमेशन अधिक परिणामकारक ठरते. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचा राजी : ॲन एन्शन्ट एपिक (२०२०) हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ आंतरराष्ट्रीय बाजारात गाजला. त्यातील कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखविले आहेत. मर्यादित साधनांतही शैलीच्या निवडीने वास्तवाभासाची जागा भरून काढता येते, हे यावरून दिसते.

भारतातील वापर : भारतात या तंत्राचा मोठ्या प्रमाणावरील वापर प्रथम चित्रपटांत झाला. चेन्नईच्या पेंटामीडिया ग्राफिक्स या संस्थेने निर्मिलेला सिंदबाद : बियाँड द व्हेल ऑफ मिस्ट्स (२०००) हा संपूर्णतः गतिग्रहणावर आधारलेला जगातील आरंभीचा पूर्ण लांबीचा संगणकीय चित्रपट होय. मराठी कुटुंबात जन्मलेले तमिळ अभिनेते रजनीकांत (मूळ नाव शिवाजीराव गायकवाड) यांची प्रमुख भूमिका असलेल्या कोचडैयान (२०१४) या चित्रपटातही त्याचा वापर झाला. दोन्हींचे अनुभव एका गोष्टीकडे लक्ष वेधतात : शरीराची गती हुबेहूब उतरली, तरी डोळे व चेहरा निर्जीव राहिल्यास प्रेक्षकाची निराशा होते. मुंबई येथे २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही या क्षेत्रातील शिक्षणाची संस्था सुरू झाली.

कलावंतांचे हक्क : गतिनोंद स्वस्त झाल्यामुळे एक गंभीर प्रश्न पुढे आला आहे. एकदा घेतलेली नोंद कितीही पात्रांना, कितीही खेळांत व कितीही वर्षे वापरता येते. शिवाय अशा नोंदींवरून संगणकास नव्या हालचाली रचण्यासही शिकविता येते. लोककलावंतास मात्र मोबदला बहुधा त्या एका दिवसाचाच मिळतो. भारतातील प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क प्रथम समाविष्ट झाले. सादरकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक व वादक यांच्याबरोबर नर्तक, कसरतपटू व गारुडी यांचाही अंतर्भाव आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यास नामनिर्देशाचा व सादरीकरणाच्या विकृतीस हरकत घेण्याचा नैतिक हक्कही मिळाला. तथापि सांध्यांच्या कोनांचे केवळ आकडे ही कायद्याच्या अर्थाने दृश्य नोंद ठरते काय, हा मुद्दा निर्विवाद नाही. म्हणून नोंदीचा उपयोग कोणत्या कामासाठी, किती काळ व पुनर्वापर झाल्यास कोणत्या मोबदल्यात होईल, हे कलावंताला समजेल अशा मराठीत लेखी ठरविणे आवश्यक असते. अमेरिकेत व्हिडिओ खेळांतील आवाज व हालचाली देणाऱ्या कलावंतांनी जुलै २०२४ पासून केलेल्या संपात कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे होणारा असा पुनर्वापर हाच कळीचा मुद्दा होता. संमती व मोबदला यांची तरतूद असलेला करार २०२५ मध्ये मान्य झाल्यावर तो मिटला.

नाव व चेहरा वगळला, तरी नोंद अनामिक होतेच असे नाही. योहान्सन यांच्या प्रयोगांच्या मागोवा घेऊन अमेरिकेत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केवळ प्रकाशबिंदूंच्या चालीवरून परिचितांना आपले मित्र ओळखता आले होते. माणसाची चाल ही त्याच्या हस्ताक्षरासारखी त्याची खूण असते. त्यामुळे नोंद जपून ठेवणे, तिच्यावर कलावंताचे नाव त्याच्या इच्छेनुसार घालणे आणि करारापलीकडे ती कोणास न देणे ही लहान संस्थेचीही जबाबदारी ठरते. वृद्ध वस्ताद व लोकनर्तक यांच्या हालचाली टिकविण्याचे सामर्थ्य आता जिल्ह्याच्या गावातील लहान संस्थेच्याही हाती आले आहे. ते वापरताना नोंदीची एक प्रत कलावंतास किंवा त्याच्या मंडळास देण्याची प्रथा पाडल्यास खेळाची निर्मिती व कलेचे जतन ही दोन्ही कामे एकाच खर्चात साधतात.